क्षमाशील रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

दरवर्षी फेब्रुवारी महिना उजाडला, की वसईपासून मुंबईच्या उपनगरांपर्यंत पसरलेल्या आपल्या मराठी भाषक ख्रिस्ती समाजाला एका नावाची विशेष आठवण होते. ते नाव म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी शहराबाहेरच्या निशिझाका टेकडीवर त्यांना आणि त्यांच्या २५ सोबत्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांच्या धैर्याच्या आणि श्रद्धेच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्या टेकडीवर धैर्याइतकीच मोठी आणखी एक गोष्ट घडली. मारणाऱ्यांना मरणाऱ्यांनी मनापासून क्षमा केली. आजच्या लेखात आम्ही गोन्सालोंचे जीवन याच दृष्टीने आपल्यासमोर ठेवू इच्छितो. कारण क्रुसावरच्या त्या क्षमेची तयारी वर्षानुवर्षे चालली होती, असे आम्हांला वाटते.

वसईचा सुपुत्र

गोन्सालोंचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, तर आई इथल्याच मातीतली. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी बेट पोर्तुगीजांकडे आले होते. आज ज्यांना आपण वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड म्हणून ओळखतो, ती सारी गावे त्या साष्टी बेटावरची, आणि त्यांचा कारभार वसईच्या किल्ल्यातून चाले. म्हणूनच गोन्सालो हे उपनगरांतील भाविकांनाही परके नाहीत. त्यांच्या हयातीतच, १५७९ मध्ये, येशूसंघीयांनी अंधेरीत संत जॉन बाप्तिस्ता यांच्या नावाचे चर्च उभारले. सीप्झच्या आवारात उभे असलेले त्याचे भग्न अवशेष आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पायधुळीने पावन झालेल्या वसईत येशूसंघीयांचे विद्यालय होते. बाल गोन्सालोंचे शिक्षण तिथेच झाले. झेवियर यांनी १५४९ मध्ये जपानमध्ये शुभवर्तमान नेले होते आणि त्या दूरदेशीच्या वार्ता किल्ल्यातील विद्यार्थ्यांच्या कानांवर येत असत. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या मनात मिशनकार्याची ओढ निर्माण झाली, यात नवल नाही. १५७२ मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ते येशूसंघीय मिशनऱ्यांसोबत जपानला पोहोचले.

पहिली जखम

जपानी भाषा शिकण्यास कठीण. परंतु गोन्सालोंनी ती लवकरच आत्मसात केली. सुमारे ८ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून येशूसंघीय धर्मगुरूंना साहाय्य केले. गावोगावी फिरणे, मुलांना प्रार्थना शिकवणे, धर्मगुरूंचे बोल लोकांच्या भाषेत पोहोचवणे, हे त्यांचे काम. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. ज्या संस्थेसाठी तारुण्याची ८ वर्षे दिली, तिचे दार आपल्यासाठी उघडले नाही, हे दुःख लहान नव्हते.

इथे आपण क्षणभर थांबू या. अशी जखम झालेली माणसे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. वर्षानुवर्षे सेवा केली आणि आपल्याला डावलले गेले, या भावनेने कुणी चर्चची पायरी चढायचे सोडले आहे, तर कुणी आयुष्यभर त्या आठवणीचा कडवटपणा उराशी बाळगला आहे. गोन्सालोंनी काय केले? त्यांनी येशूसंघीयांचा निरोप घेतला आणि व्यापारात पडले. व्यवसायात त्यांना चांगले यश मिळाले. परंतु देवाने घातलेली हाक व्यापाराच्या गजबजाटात बुजली नाही. पुढे ते फिलिपाइन्समधील मनिला येथे गेले. तिथे फ्रान्सिस्कन संघाच्या मठवासीयांशी त्यांचा स्नेह जुळला आणि कमावलेले सारे मागे ठेवून त्यांनी त्या संघाचा तपकिरी झगा अंगावर चढवला. ते धर्मगुरू झाले नाहीत. साधे धर्मबंधू म्हणून त्यांनी व्रते घेतली.

पुढे याच गोन्सालोंच्या सोबतीने निशिझाका टेकडीवर तीन येशूसंघीय क्रुसावर चढले. एकेकाळी ज्या संघाचे दार त्यांच्यासाठी बंद राहिले, त्याच संघाच्या बंधूंबरोबर त्यांनी एकच मरण स्वीकारले. आमच्या मते क्षमेच्या शाळेतला हा त्यांचा पहिला धडा. मोठी क्षमा अचानक जमत नाही. लहान जखमा देवाच्या हाती सोपवता सोपवता मन तिच्यासाठी तयार होत जाते.

सत्ताधीशासमोर दुभाषी

त्या काळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी यांच्या हाती होती. सामान्य कुळात जन्मून स्वकर्तृत्वावर साऱ्या जपानचा स्वामी झालेला हा सेनानी जितका हुशार, तितकाच संशयी होता. १५८७ मध्ये त्याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. परंतु त्याची कडक अंमलबजावणी झाली नव्हती. फिलिपाइन्सने आपले मांडलिकत्व पत्करावे, अशीही त्याची मागणी होती. तेव्हा बोलणी करण्यासाठी मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ पाठवले. दुभाषी म्हणून त्यात बंधू गोन्सालो होते.

कोरियावरील स्वारीसाठी हिदेयोशीने क्यूशू बेटावर जो तळ उभारला होता, तिथे ही भेट झाली. हातात पाण्याचा पेला घ्यावा इतक्या सहजपणे माणसांचे प्राण घेणाऱ्या त्या सत्ताधीशासमोर वसईचा एक धर्मबंधू उभा राहिला आणि त्याच्याच भाषेत त्याच्याशी बोलला. भेटीचा परिणाम चांगला झाला. फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची मुभा मिळाली आणि राजधानी क्योतोत जागाही देण्यात आली. तिथे त्यांनी चर्च आणि मठ बांधला. कुष्ठरुग्णांसाठी आणि गरिबांसाठी रुग्णालये सुरू केली. समाजाने टाकलेल्या माणसांच्या जखमा धुण्यात या मठवासीयांचे दिवस जाऊ लागले.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. गोन्सालोंना ज्याने मरणाची शिक्षा दिली, तो त्यांच्यासाठी कुणी अनोळखी शत्रू नव्हता. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला होता, त्याचा आवाज ऐकला होता, त्याच्या हातून उपकारही घेतले होते. परक्याने घाव घातला तर तो सोसता येतो; ओळखीच्या माणसाने विश्वास मोडला, की क्षमा करणे शतपटीने जड जाते. आपल्या घराघरांतील न मिटणारी भांडणे बहुधा अशीच असतात.

वादळ आणि अटक

१५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. जहाजावर मौल्यवान माल होता. तो जप्त झाला. या वेळी जहाजावरील एका अधिकाऱ्याने स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारताना, आधी मिशनरी जातात आणि मागून सैन्य येते, अशा अर्थाचे काही उद्गार काढल्याचे सांगितले जाते. हिदेयोशीच्या संशयाला तेवढे निमित्त पुरले. परकीय सत्तेच्या भीतीचा आणि दरबारी राजकारणाचा सारा राग त्या निःशस्त्र मठवासीयांवर निघाला.

डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो आणि ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले. फ्रान्सिस्कनांबरोबर त्यांचे जपानी साहाय्यक आणि ओसाकातील तीन येशूसंघीयही पकडले गेले. त्या वेळची एक घटना हृदयाला भिडते. शिपायांच्या यादीत मठाच्या मथियास नावाच्या स्वयंपाक्याचे नाव होते. तो बाहेर गेला होता. जवळच राहणारा मथियास नावाचाच दुसरा एक ख्रिस्ती पुढे आला आणि आपण त्याच्या जागी येतो असे त्याने सांगितले. शिपायांनी त्याला घेतले. दुसऱ्यासाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही, ही प्रभूची शिकवण त्याने अशी जगून दाखवली.

बंदिवानांची नाके व कान कापावेत, असा मूळ हुकूम होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने तो सौम्य केला, आणि ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा तेवढा कापण्यात आला. रक्ताळलेल्या अवस्थेत त्यांना गाड्यांतून रस्त्यारस्त्याने फिरवले. मग ओसाका आणि साकाई येथेही तशीच धिंड निघाली. त्यानंतर सुरू झाला नागासाकीपर्यंतचा ७००-८०० किलोमीटरचा प्रवास. ऐन हिवाळ्यात, पहाऱ्यात, सुमारे महिनाभर. वाटेत त्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन ख्रिस्ती व्यक्तींनाही त्यांच्यात ओढण्यात आले आणि २४ चे २६ झाले. या २६ जणांत २० जपानी, ४ स्पॅनिश, १ मेक्सिकन आणि १ आपले वसईचे गोन्सालो होते. त्यांत १२ वर्षांचा लुईस इबाराकी होता, १३ वर्षांचा अंतोनी होता आणि १४ वर्षांचा थॉमस कोझाकी आपल्या पित्याबरोबर चालत होता.

निशिझाकाची टेकडी

शिक्षेची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी तेराझावा हानझाबुरो या अधिकाऱ्यावर होती. येशूसंघीय बंधू पॉल मिकी यांच्याशी त्याची जुनी ओळख होती. लहानग्या लुईसला पाहून त्याचे मन द्रवले आणि श्रद्धा सोडलीस तर तुला जीवदान मिळेल, असे त्याने त्या मुलाला सुचवले. लुईसने ते नाकारले.

५ फेब्रुवारीच्या सकाळी टेकडीवर २६ क्रूस एका रांगेत मांडलेले होते. परंपरेनुसार क्रुसाला सर्वांत प्रथम सामोरे गेले ते बंधू गोन्सालो. हुतात्म्यांना लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी क्रुसांना जखडून क्रूस उभे करण्यात आले. मुलांनी स्तोत्र गायिले. मग पॉल मिकी बोलू लागले. सामुराई घराण्यात जन्मलेला हा तरुण धर्मगुरू होण्याच्या मार्गावर होता. आपण जपानी आहोत आणि केवळ ख्रिस्ताची शिकवण दिल्यामुळे आपल्याला मारले जात आहे, हे त्यांनी जमलेल्या लोकांना स्पष्ट सांगितले. त्यानंतर हिदेयोशीला आणि या मृत्यूस कारणीभूत झालेल्या सर्वांना आपण क्षमा करतो, त्यांच्याविषयी मनात द्वेष नाही, उलट त्यांनाही तारणाचा लाभ व्हावा अशी आपली इच्छा आहे, असे त्यांनी जाहीर केले. थोड्याच वेळात भालेकरी पुढे आले. गोन्सालोंच्या देहात दोन्ही बाजूंनी भाले घुसले आणि वसईच्या सुपुत्राने चाळिशीच्या उंबरठ्यावर प्राण सोडला.

पॉल मिकींच्या बोलण्यातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी त्यांनी सत्य सांगितले, मग क्षमा केली. आम्ही निरपराध आहोत, हे सांगायला ते कचरले नाहीत. झालेला अन्याय अन्यायच होता. त्याला त्यांनी दुसरे नाव दिले नाही. क्षमा म्हणजे वाईटाला बरे म्हणणे, घडले ते विसरून जाणे किंवा न्यायाची मागणी सोडणे, असा गैरसमज आपल्याकडे फार आहे. निशिझाकाची टेकडी वेगळे शिकवते. अन्याय करणारा माणूसही देवाचे लेकरू आहे आणि त्याचा नाश नव्हे, तर त्याचे तारण मला हवे आहे, असा मनाचा निश्चय म्हणजे क्षमा.

रक्तानंतरची शतके

हिदेयोशी पुढच्याच वर्षी, १५९८ मध्ये, मरण पावला. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि छळाचे दीर्घ पर्व सुरू झाले. धर्मगुरू नाहीत, चर्च नाही, अशा अवस्थेत लपून राहिलेल्या कुटुंबांनी सुमारे अडीचशे वर्षे श्रद्धा जपली. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले आणि आपणही त्याच श्रद्धेचे आहोत, हे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूंना हळूच सांगितले. ते चर्च या २६ हुतात्म्यांनाच समर्पित होते. त्यानंतरही उराकामीच्या ३ हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी सोसावी लागली. बंदी उठली ती १८७३ मध्ये.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. संतपदाच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, निशिझाकावर त्यांचे भव्य स्मारक उभे राहिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये तिथे येऊन प्रार्थना केली. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने होरपळलेल्या त्या शहरात क्षमेची ही टेकडी आजही यात्रेकरूंना बोलावते आहे.

आपल्या उपनगरांतील जखमा

चारशे वर्षांपूर्वीच्या या कथेशी आमचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. आपल्या उपनगरांनीही रक्त पाहिले आहे. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलच्या डब्यात स्फोट झाला. त्याच वर्षी २८ जुलैला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत जे स्फोट झाले, त्यांत जोगेश्वरी आणि बोरिवली ही नावेही होती. कामावरून घरी परतणारी, कुणाचे काही वाईट न केलेली माणसे गेली. ज्यांच्या घरची माणसे अशी गेली, त्यांना क्षमेचा उपदेश करणे सोपे नाही आणि घाईने तो करूही नये. प्रथम त्यांच्या दुःखात त्यांच्याजवळ बसावे. गुन्ह्याचा तपास आणि न्याय हे शासनाचे कर्तव्य आहे आणि तो मागण्याचा पीडितांना पूर्ण अधिकार आहे. मात्र मनात पेटलेला सूड गुन्हेगारापर्यंत पोहोचत नाही. तो आपलेच घर जाळतो, आणि पुष्कळदा एखाद्या निरपराध समाजाला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. ख्रिस्ती माणसाची कसोटी इथे लागते.

ही क्षमा केवळ जुन्या संतांनाच जमते, असेही नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात गरीब शेतकऱ्यांसाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची चालत्या बसमध्ये निर्घृण हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंग याच्या हाती राखी बांधली. त्याला पश्चात्ताप झाला आणि त्या घराने त्याला आपला मानले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. निशिझाकावर पॉल मिकींनी बोलून दाखवलेली इच्छा इथे आपल्या डोळ्यांदेखत फळास आली.

क्षमा करणाऱ्याला क्षमा मागताही आली पाहिजे. बोरिवलीच्या मंडपेश्वर येथील प्राचीन शिवलेण्यांत सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटले, हा आपल्याच इतिहासाचा भाग आहे. आज तिथे पुन्हा शिवपूजा होते. ज्या संघाने आपल्याला गोन्सालोंसारखा संत दिला, त्याच संघाच्या हातून शेजाऱ्यांची मने दुखावणारी गोष्टही घडली. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या हातून घडलेल्या अपराधांबद्दल जगासमोर देवाची क्षमा मागितली. त्या विनम्रतेचा वाटा आपणही उचलायला हवा.

प्रिय बंधुभगिनींनो, संत गोन्सालोंच्या सणाला आपण मिस्साला जातो, नोव्हेना करतो, मिरवणुकीत चालतो. या वर्षी त्यात आणखी एक गोष्ट घालू या. ज्या व्यक्तीने आपल्याला सर्वांत मोठी इजा केली, तिचे नाव मनात घेऊन रोज एकदा प्रभूची प्रार्थना म्हणू या. पहिल्या दिवशी ओठ अडखळतील. आमच्या अपराधांची आम्हांला क्षमा कर, असे म्हणताना जीभ जड होईल. तरीही म्हणत राहू या. वसईच्या विद्यालयातील त्या मुलालाही निशिझाकापर्यंत पोहोचायला पंचवीस वर्षे लागली. संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.